अमेरिकन फुटबॉल: कॅच कसा घ्यायचा आणि घेतलेला बॉल कसा सांभाळायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इकडे न्यू जर्सीत शाळेच्या वयाच्या मुलामुलींच्या टीममधे मी रिसीव्हरना, म्हणजे फेकलेला बॉल (पास) झेलणाऱ्या खेळाडूंना, शिकवायला मदत करतो. दर सीझनला मराठी आईबाबांचे, पोरांचे आणि हल्ली पुण्या-मुंबईत फ्लॅग फुटबॉल (अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढायचा प्रकार) खेळायला लागलेल्यांचे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीलाच एक सांगतो, खाली ते परत परत येणार आहे. बॉल पकडणं आणि पकडलेला बॉल काखेत दाबून सांभाळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीयेत, ती एकच हालचाल आहे आणि ती मधेच तोडली की बॉल पडतो.

मुलासाठी बॉल कुठल्या साइजचा घ्यायचा? मोठा घेतला तर पुढे पण चालेल ना?

नका घेऊ. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या प्रोफेशनल लीगचा, बॉल ११ ते सव्वाअकरा इंच लांब असतो, वजन १४ ते १५ औंस, म्हणजे चारशे-सव्वाचारशे ग्रॅम, आणि हवा साडेबारा ते साडेतेरा पीएसआय. तो मोठ्या माणसाच्या पंजासाठी आहे. लहान मुलांसाठी पीवी, ज्युनियर, यूथ अशा साइज मिळतात, लीगमधे जी चालते तीच घ्या. मोठा बॉल हातात मावत नाही म्हणून मुलं तो छातीवर झेलायला शिकतात, आणि ती सवय मोडायला नंतर फार जड जातं.

हात नेमके कसे धरायचे?

बॉल छातीच्या उंचीला किंवा वर येत असेल तर दोन्ही अंगठे एकमेकांजवळ, दोन्ही तर्जन्या एकमेकांजवळ, बोटं पसरलेली. मधे शंकरपाळ्याच्या आकाराची खिडकी तयार होते. बॉलचं पुढचं टोक त्या खिडकीत येऊ द्यायचं आणि बोटांनी त्याच्या फुगीर भागाला धरायचं. तळव्यावर आदळू द्यायचा नाही, तळव्यावर आला की आवाज येतो, आणि बोटांवर आला तर जवळपास येतच नाही. मी तर पाठ करून उभा असलो तरी आवाजावरून सांगू शकतो कोणी कसा घेतला ते.

बॉल कमरेच्या खाली येत असेल तर उलटं, करंगळ्या जवळ आणि तळवे वर. मधला पट्टा, म्हणजे पोटाच्या आसपासचा, तो त्रासाचा, कारण तिथे अंगठे जवळ घ्यायचे का करंगळ्या ह्यात मुलं अडकतात आणि तेवढ्यात बॉल येऊन आदळतो. ह्यावर उपाय पायात आहे, गुडघे वाकवून खाली बसा म्हणजे तोच बॉल छातीसमोर येतो. जमत नसेल तर करंगळ्या जवळ. पण एकदा ठरवलं की बदलायचं नाही.

क्रिकेट खेळून आलेल्या मुलांना इथे एक अडचण येते. त्यांचे हात आपोआप ओंजळीसारखे होतात, उंच बॉलला सुद्धा. गोल बॉल ओंजळीत बसतो, हा लांबट बॉल टोकावर फिरत येतो आणि ओंजळीतून सरळ आरपार जाऊन छातीवर किंवा हनुवटीवर लागतो.

छातीवर घेतला तर काय बिघडतं? पकडला म्हणजे झालं की.

बिघडतं बरंच. खांद्यावरचे पॅड कडक असतात, त्यावर बॉल आदळला की उसळतो. दुसरं म्हणजे तुम्ही बॉल अंगापर्यंत यायची वाट बघत असता तेव्हा मागचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा समोरच्या टीमचा डिफेंडर) हात पुढे घालून तो उडवतो, आणि तुम्ही हात लांब करून अंगापासून दूर घेतला असता तर त्याला तो मिळालाच नसता. बॉल पाण्यात भिजलाय, घसरतोय, किंवा फार खाली आलाय तेव्हा अंगाचा आधार घ्यायला हरकत नाही. बाकी वेळेला हात आधी, अंग नंतर.

मात्र हात लांब म्हणजे कोपर ताणून ताठ नव्हे. कोपरात थोडा बाक हवा, म्हणजे बॉल येताना हात किंचित मागे येतात आणि वेग शोषला जातो. एनएफएलमधल्या जोरदार थ्रोचा वेग ताशी ५० मैलांच्या वर जातो, ताठ हाताला तो लागून उडणारच.

सगळे सांगतात बॉलवर नजर ठेव. पण म्हणजे नक्की कुठे बघायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण "बॉल बघ" हे वाक्य ओरडून सांगणाऱ्या मोठ्यांना पण बरेचदा ह्याचं उत्तर नीट देता येत नाही.

बॉलचं पुढचं टोक बघायचं. सगळा बॉल नाही, टोक. बॉल स्पायरलमधे, म्हणजे टोक पुढे ठेवून गरगर फिरत, येत असेल तर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःभोवती फिरत असतो, लेस (बॉलवरची दोरीची शिवण) नुसती धूसर दिसते, पण टोक स्थिर असतं. ते टोक बोटांमधे शिरताना दिसलं पाहिजे. आणि आता महत्त्वाचं, तिथे नजर सोडायची नाही, बॉल काखेत जाईपर्यंत मान त्याच्याबरोबर वळली पाहिजे. मैदानात कुठलाही ड्रॉप (हातातून सुटलेला कॅच) स्लो मोशनमधे बघा, रिसीव्हरची मान बॉल हातात यायच्या एक क्षण आधी वळलेली असते, कारण त्याच्या डोक्यात पुढची धाव सुरू झालेली असते. हात चांगले आहेत, टाइमिंग चांगलं आहे, आणि डोळे निघून गेलेत.

लॅरी फिट्झजेराल्डचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो. अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडून तो पूर्ण करिअर खेळला, १,४३२ कॅच, त्याच्या वर एकटा जेरी राईस १,५४९ वर. फिट्झजेराल्डचे आजोबा शिकागोत डोळ्यांचे डॉक्टर होते आणि लहानपणी ते त्याच्याकडून डोळ्यांचे व्यायाम करून घ्यायचे. लोक त्याच्या मोठ्या पंजांबद्दल बोलतात, पंजे मोठे होतेच, पण आजोबांनी डोळ्यांवर मेहनत घेतली होती ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

मुलगी बॉल जवळ आला की डोळे मिटते. काय करू?

ओरडू नका, ते तिच्या हातात नाही, डोळ्याकडे काही आलं की पापणी मिटतेच. आधी मऊ फोमचा बॉल घ्या, चार-पाच पावलांवरून खालून हळू टाका, आणि बॉलवर मार्करने मोठे आकडे लिहून ठेवा. पकडायच्या आधी तिने आकडा मोठ्याने सांगायचा. आकडा वाचायचा म्हटलं की लक्ष भीतीवरून आकड्यावर जातं. मग हळूहळू अंतर वाढवा, मग खरा बॉल. घाई केली की परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

टक म्हणजे काय आणि तो कसा करायचा?

बॉल हातात आला की तो लगेच एका हातात घेऊन अंगाला घट्ट दाबायचा, ह्याला टक म्हणतात. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण कॅचचे व्हिडिओ सगळे बघतात आणि टकचे कोणीच बघत नाही.

बॉल पाच ठिकाणी दाबलेला असला पाहिजे. एक, पुढच्या टोकावर बोटं, तर्जनी आणि मधलं बोट टोकाच्या दोन्ही बाजूंनी पसरून टोक झाकलेलं, कोच ह्याला गरुडाचा पंजा म्हणतात. दोन, तळवा. तीन, कोपरापर्यंतचा हात बॉलच्या बाहेरच्या बाजूने चिकटलेला. चार, दंड. पाच, बरगड्या. ह्यातली एक जरी जागा सैल असेल तर तिथून उजेड दिसतो, आणि जिथून उजेड दिसतो तिथून डिफेंडरचा हात आत जातो. मी मुलांना समोरून आणि मागून बघतो, बॉल आणि अंग यांच्यामधे मला पलीकडचं काही दिसलं तर परत.

उंची पण बघायची. बॉल कमरेजवळ लोंबकळत नाही ठेवायचा, छातीजवळ वर, मनगट कोपरापेक्षा वर. मनगट खाली गेलं की बॉलचं मागचं टोक काखेतून सुटतं आणि मागून येणाऱ्याला ते दिसतं. पळताना हात पुढेमागे हलवायची सवय असते, तो बॉलचा हात हलता कामा नये, दुसरा हात हवा तेवढा हलवा. आणि गर्दीत शिरताना, म्हणजे दोन-तीन जण अंगावर येतायत असं दिसलं की, तो दुसरा हात पण बॉलवर आणायचा.

हे सगळं वाचायला वेळ लागतो पण करायला अर्धा सेकंद पण मिळत नाही, म्हणून प्रत्येक कॅचनंतर टक करायचाच, वॉर्मअपमधे पण, अंगणात बाबांबरोबर पण. कॅच घेऊन लगेच बॉल परत फेकायची सवय मला अजिबात आवडत नाही. आधी टक, दोन पावलं, मग फेका.

एवढं काय त्यात? बॉल सुटला तर सुटला, परत मिळेल की.

ड्रॉप आणि फंबल ह्यात फरक आहे. ड्रॉप झाला तर एक डाउन (बॉल पुढे न्यायचा एक प्रयत्न) वाया जातो, पुढचा डाउन असतो. पण कॅच पूर्ण होऊन मग बॉल सुटला तर तो फंबल, मोकळा बॉल, ज्याने उचलला त्याचा. म्हणजे वीस यार्डचा सुंदर कॅच घेऊन शेवटी बॉल समोरच्या टीमला द्यायचा. मी तरी असा रिसीव्हर घेईन जो दोन बॉल कमी पकडतो पण एकही सोडत नाही.

आणि समोरचे लोक बॉल काढायचाच सराव करतात हे लक्षात घ्या. शिकागो बेअर्सचा कॉर्नरबॅक चार्ल्स टिलमन, त्याला पीनट म्हणायचे, तो टॅकल करता करता (बॉलवाल्याला धरून पाडता पाडता) मूठ वळून बॉलवर ठोसा मारायचा. करिअरमधे त्याने ४४ फंबल करवले, २०१२ च्या सीझनमधे १०, आणि त्यातले चार एकाच मॅचमधे टेनेसी टायटन्सविरुद्ध. त्या ठोशाला नावच पडलं पीनट पंच, आणि आता शाळेतली मुलं पण तो मारतात.

उलट बाजूचं उदाहरण टिकी बार्बर. तो रिसीव्हर नाही, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), पण बॉल सांभाळायचं शास्त्र तेच. न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळताना २००३ मधे त्याचे ९ फंबल होते. २००४ मधे टॉम कॉफलिन हेड कोच म्हणून आले, त्यांच्या स्टाफने त्याची बॉल धरायची पद्धतच बदलली, बॉल वर, छातीला घट्ट, मनगट कोपराच्या वर. २००५ मधे त्याने आयुष्यातले सगळ्यात जास्त यार्ड काढले आणि फंबल फक्त १. तेव्हा तो तिशीत होता. म्हणजे तिशीत जर हे बदलता येतं तर दहा वर्षांच्या मुलाला नक्की येतं.

बॉल कुठल्या हातात घ्यायचा, उजव्या का डाव्या?

डिफेंडर ज्या बाजूला आहे त्याच्या दुसऱ्या बाजूच्या हातात. साइडलाइनजवळ पळत असाल तर साइडलाइनकडच्या हातात, म्हणजे सुटला तरी बाहेर जायची शक्यता जास्त. म्हणून दोन्ही हातांनी टक यायला पाहिजे, फक्त उजव्याने येतो हे चालणार नाही. मात्र मैदानाच्या मधोमध गर्दीत हात बदलत बसू नका, बदलतानाच बॉल सुटतो.

लांब पास डोक्यावरून मागून येतो, तो कसा घ्यायचा?

पळत राहायचं, हे पहिलं. मुलं मान वर करून बघायला लागली की पाय हळू होतात आणि बॉल दोन पावलं पुढे पडतो, मग क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) ढकलतात. मान खांद्यावरून वळवायची, छाती वळवायची नाही. बॉल खांद्यावरून खाली येताना करंगळ्या जवळ, तळवे वर.

अजून एक बारीक गोष्ट आहे, हात उशिरा वर काढायचे. तुमच्याबरोबर पळणाऱ्या कॉर्नरबॅकची पाठ बॉलकडे असते, त्याला बॉल दिसत नाही, तो तुमचे डोळे आणि हात बघत असतो, तुम्ही हात वर केले की त्याला कळतं बॉल आला आणि तोही हात घालतो. हात शेवटच्या क्षणी निघाले तर त्याला वेळच मिळत नाही. शिवाय हात वर करून कोणालाच जोरात पळता येत नाही, स्वतः करून बघा.

ओडेल बेकहॅमसारखा एका हाताने कॅच कधी शिकवणार?

प्रत्येक सीझनला हा प्रश्न येतोच. बेकहॅम तेव्हा न्यूयॉर्क जायंट्सचा रिसीव्हर होता. २३ नोव्हेंबर २०१४, मेटलाइफ स्टेडियम, समोर डॅलस काउबॉइज, ४३ यार्डचा टचडाउन (बॉल गोल लाइनच्या पलीकडे नेऊन मिळणारा स्कोअर). अंगठा आणि दोन बोटं, अंग पूर्ण मागे झुकलेलं, आणि त्यात ब्रँडन कारने त्याला धरलं म्हणून पेनल्टी पण पडली होती. अप्रतिम कॅच, मीही शंभरदा बघितला असेल. पण तो मॅचच्या आधी वॉर्मअपमधे रोज असे एकहाती कॅच घेऊन सराव करायचा, आणि एका हाताने घेतला कारण दुसरा हात पोचतच नव्हता. दोन हात पोचत असताना एक वापरला तर मी मुलाला बसवतो. सराव म्हणून एकहाती कॅच चांगले आहेत, बोटांत ताकद येते, नजर पक्की होते. पण दोन हातांचा कॅच आणि टक पक्का झाल्यावर.

साइडलाइनला एक पाय लागला की चालतो का दोन?

एनएफएलमधे दोन्ही पाय आत लागले पाहिजेत, कॉलेजमधे आणि शाळेत एक पुरतो. पायाऐवजी गुडघा, कोपर, कंबर लागली तरी चालतं, हात लागलेला मात्र धरत नाहीत. बोटं आत टेकली आणि त्याच पावलात टाच खाली येऊन बाहेर पडली तर बाद, म्हणून साइडलाइनला रिसीव्हर टाच उचलून फक्त बोटं घासत नेतात. सॅन्टोनिओ होम्सचा कॅच बघा, १ फेब्रुवारी २००९, टँपामधला सुपर बोल (एनएफएलची फायनल), ३५ सेकंद राहिलेले, एंड झोनचा (गोल लाइनच्या पलीकडच्या पट्ट्याचा) उजवा कोपरा, तीन डिफेंडर भोवती, हात पूर्ण ताणून बॉल घेतला आणि दोन्ही पायांची बोटं गवतावर. त्याची टीम, पिट्सबर्ग स्टीलर्स, २७-२३ जिंकली. ते करताना त्याने पायांकडे बघितलं नाही, नजर बॉलवर होती. पायांना लाइन कुठे आहे हे सरावानेच कळतं.

टीव्हीवर कधी म्हणतात कॅच, कधी म्हणतात इनकम्प्लीट (कॅच झालाच नाही), मला तर दोन्ही सारखेच दिसतात. नियम काय आहे?

तुम्हालाच नाही, कित्येक वर्षं अख्ख्या अमेरिकेला कळत नव्हतं.

आधी असा नियम होता की कॅच घेताना तुम्ही पडत असाल तर जमिनीवर पडून होईपर्यंत बॉल हातात राहिला पाहिजे. सप्टेंबर २०१० मधे डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने शिकागोविरुद्ध शेवटच्या मिनिटात एंड झोनमधे बॉल घेतला, दोन्ही पाय लागले, बसला, आणि उठताना बॉल जमिनीवर टेकला आणि सुटला. इनकम्प्लीट, लायन्स १९-१४ हरले. मग ११ जानेवारी २०१५, डॅलसचा डेझ ब्रायंट, ग्रीन बेमधे प्लेऑफ, चौथा डाउन, हवेत उडी मारून बॉल घेतला, एंड झोनकडे झेपावला, जमिनीवर पडताना बॉल हलला. आधी कॅच दिला, रिप्लेमधे फिरवला, डॅलस २६-२१ हरले आणि सीझन संपला. डिसेंबर २०१७ मधे स्टीलर्सच्या जेसी जेम्सचं पेट्रियट्सविरुद्ध तसंच झालं. त्यानंतर २०१८ मधे नियम बदलला.

आता तीन गोष्टी लागतात. बॉलवर ताबा, दोन पाय किंवा अंगाचा दुसरा भाग आत, आणि मग खेळातली एखादी पुढची हालचाल, जसं की तिसरं पाऊल किंवा बॉल पुढे ताणणं, किंवा निदान तेवढं करायला वेळ मिळालेला असणं. बॉल हातात जरासा हलला म्हणून आता कॅच जात नाही. माझ्या मते हा बदल बरोबर होता, डेझ ब्रायंटचा तो कॅचच होता असं मी तेव्हाही म्हणायचो.

पण मुलांना मी नियम सांगून झाल्यावर हेच सांगतो की रेफरीला विचार करायला जागाच ठेवू नका. पडताना बॉल खाली टेकवून आधार घेऊ नका, अंग वळवून खांद्यावर किंवा पाठीवर पडा, बॉल वर, दोन्ही हात त्यावर, आणि उठून रेफरीच्या हातात द्या.

टचडाउन होतोय हे दिसलं की मग तरी सोडला तर चालेल ना?

नाही! सप्टेंबर २००८, मंडे नाइट, फिलाडेल्फियाचा डीशॉन जॅक्सन, रुकी, म्हणजे पहिल्याच सीझनमधला, डॅलसविरुद्ध लांब पास घेतला, एकटा पळत सुटला आणि गोल लाइनच्या एक यार्ड आधी बॉल मागे टाकून दिला. टचडाउन रद्द. नशिबाने बॉल टीमकडेच राहिला आणि पुढच्या प्लेला टचडाउन झाला. त्याहून वाईट म्हणजे जानेवारी १९९३ चा सुपर बोल, डॅलसचा लिऑन लेट, डिफेन्सिव्ह लाइनमन, फंबल उचलून पळाला आणि शेवटी एका हातात बॉल बाहेर धरून हळू झाला, मागून बफलोचा डॉन बीबी धावत आला आणि त्याने बॉल उडवला. बॉल एंड झोनमधून बाहेर गेला की टचबॅक, म्हणजे बॉल समोरच्या टीमला.

आपल्या लोकांना हे समजवायला मला हेडिंग्ले १९९९ पुरतं. वर्ल्ड कप, स्टीव्ह वॉचा सोपा कॅच हर्शेल गिब्जच्या हातात आला आणि तो हवेत फेकायच्या घाईत सुटला. वॉ नाबाद १२०. गिब्जचे हात त्या काळात जगात सर्वोत्तम होते, चूक हातांची नव्हतीच.

ग्लोव्ह्जने खरंच फरक पडतो का?

पडतो. हल्लीच्या ग्लोव्ह्जच्या तळव्याला चिकट सिलिकॉनसारखा थर असतो, तो धूळ लागली की काम करत नाही, म्हणून ओल्या फडक्याने पुसत राहा. साइज घट्ट घ्या, बोटाच्या टोकाला रिकामी जागा नको. पण सराव आठवड्यातून थोडा तरी उघड्या हातांनी करा, बोटांना बॉल कळला पाहिजे.

पूर्वी लोक हातांना स्टिकम नावाचा चिकट पदार्थ फासायचे, ओकलंड रेडर्सचे फ्रेड बिलेटनिकॉफ आणि लेस्टर हेज त्यासाठी प्रसिद्ध होते, हेज तर अक्षरशः माखून यायचा. १९८१ मधे एनएफएलने त्यावर बंदी घातली. तेव्हा घरी कसलाही स्प्रे मारून पाठवू नका.

थंडीत आणि पावसात?

नोव्हेंबरमधे इकडे बॉल दगडासारखा लागतो आणि बोटं बधिर होतात. कमरेला हात गरम ठेवायची पिशवी मिळते ती घ्या, प्लेच्या मधे हात आत. पावसात थोडा अंगाजवळ घ्या आणि टक दोन्ही हातांनी.

क्वार्टरबॅक डावखुरा आहे, मुलगा म्हणतो बॉल वेगळाच येतो. खरं आहे का?

अगदी खरं आहे. उजव्या हाताने फेकलेला आणि डाव्या हाताने फेकलेला बॉल उलट दिशेने फिरतात, त्यामुळे हातात शिरताना वळतो पण उलटीकडे. सवय होईपर्यंत आधी वेगळा सराव द्या, दुसरं काही नाही.

घरी काय सराव करता येईल? अंगण छोटं आहे.

अंगण लागतच नाही फारसं. गुडघ्यावर बसून कॅच, म्हणजे पाय निघून जातात आणि फक्त हात आणि डोळे राहतात. भिंतीवर टेनिस बॉल मारून एका हाताने घेणं. पाठ करून उभं राहायचं, "हं" म्हटलं की वळायचं आणि बॉल शोधून घ्यायचा. समोरून कोणीतरी टॉवेल हलवतंय आणि त्यातून बॉल येतोय, हे पोरांना फार आवडतं आणि मॅचमधल्या गडबडीची सवय होते. टकसाठी तर सोपं आहे, टीव्ही बघताना, घरात फिरताना बॉल काखेत ठेवायचा आणि घरातल्या कोणीही येता-जाता ठोसा मारून काढायचा प्रयत्न करायचा. एका घरात आजी हे काम इतक्या मनापासून करतात की त्या पोराचा बॉल आता मैदानात कोणाला निघत नाही.

जेरी राईस मिसिसिपीत वाढला, वडील गवंडी होते, उन्हाळ्यात तो त्यांच्या हाताखाली कामाला जायचा आणि भाऊ खालून विटा फेकायचे त्या तो वर झेलायचा. विटा मुलांना देऊ नका, पण हाताची ताकद कुठून येते ते बघा. बाल्टिमोर कोल्ट्सचा रेमंड बेरी, दिसायला साधा, वेगही फार नाही, तो बोटांत ताकद यावी म्हणून सिली पुटीचा गोळा दाबत बसायचा आणि प्रॅक्टिस संपल्यावर थांबून वाईट फेकलेले बॉल मुद्दाम घ्यायचा, फार खाली, फार मागे, फार वर. १९५८ च्या चॅम्पियनशिप मॅचमधे त्याचे १२ कॅच आणि १७८ यार्ड होते. मला सगळ्या रिसीव्हरांत तोच जास्त जवळचा वाटतो. मुलांना नेहमी छातीवर छान बॉल टाकू नका, मॅचमधे तसा बॉल कमीच येतो.

आम्ही पुण्यात फ्लॅग फुटबॉल खेळतो. त्यात टॅकलच नाही, मग टकची गरज काय?

आधी बरं वाटलं हे वाचून. फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे आहे आणि तो निर्णय झाला आपल्या मुंबईतच, ऑक्टोबर २०२३ च्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटबरोबर. तेव्हा मनापासून खेळा.

फ्लॅगमधे पाच-पाच जण असतात, कमरेची पट्टी ओढली की प्ले संपला, आणि बॉल जमिनीवर पडला की तिथेच डेड, त्यामुळे फंबलची भीती कमी. पण हातांची कला जशीच्या तशी लागते, उलट जास्त, कारण सगळं पासिंगवरच चालतं. आणि टकचा इथे वेगळा फायदा आहे, पळताना बॉलचा हात खाली आला आणि पट्टीच्या आड आला तर फ्लॅग गार्डिंगची पेनल्टी बसते, बॉल वर छातीशी असला की तो प्रश्नच येत नाही.

बोटाला लागलं तर? आई फार काळजी करते.

काळजी रास्त आहे, रिसीव्हरांना बोटाची दुखापत होतेच. बर्फ लावा, खेळ थांबवा, आणि बोट ओढून "बसवायचा" प्रयत्न कोणी करू नका. बॉल बोटाच्या टोकावर बसला आणि मग शेवटचं पेर सरळ होत नसेल, किंवा जर्सी ओढताना लागलं आणि ते पेर वाकत नसेल, तर ते नुसतं मुरगळणं नसतं, स्नायू हाडाला जोडणारा दोर (टेंडन) तुटलेला असू शकतो, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी हाताच्या डॉक्टरला दाखवा. थांबून बघू म्हणण्यात वेळ गेला तर बोट कायमचं वाकडं राहतं.

मुलाने मॅचमधे सोपा बॉल सोडला, गाडीत बसल्यापासून बोलत नाहीये. काय बोलू?

गाडीत काही बोलू नका. "एवढा सोपा होता रे" हे तर अजिबात नाही, त्याला माहितीये सोपा होता ते. जेवू द्या. दुसऱ्या दिवशी विचारा, बॉल यायच्या वेळी काय दिसत होतं तुला? बहुतेक वेळा तो स्वतःच सांगेल की डिफेंडर दिसत होता, किंवा एंड झोन दिसत होती, म्हणजे उत्तर त्याने शोधलं. मग बाहेर जा, तोच पास, तेवढ्याच अंतरावरून, आधी हळू, दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी टक करून. आणि कोच असाल तर पुढच्या मॅचमधे त्याला पहिल्या काही प्लेमधेच एक छोटा पास द्या. सोपा, पाच यार्डचा, छातीवर.